पॅन्क्रियाजची आनुवंशिक सूज आणि कॅन्सरसाठी स्कॅन: या चुका टाळा

लहानपणापासून पोटदुखीचे अटॅक, वडिलांना तेच, आत्याला तेच, आणि घरात कुणी दारूला शिवलेलं नाही. अशी फाईल समोर आली की आम्ही स्कॅनवाले आधी विचारतो, जीन टेस्ट झालीये का? पीआरएसएस-1 या जीनमधला दोष 1996 मध्ये सापडला, त्यामुळे पचनाचा रस पॅन्क्रियाजच्या (म्हणजे स्वादुपिंडाच्या) आतच चालू होतो आणि सूज वर्षानुवर्षं राहते. पुढे कॅन्सरचा धोका खूप वाढतो, सिगारेट असेल तर अजूनच, म्हणून चाळिशी किंवा पहिल्या अटॅकनंतर 20 वर्षं, जे आधी येईल तेव्हापासून दरवर्षी स्कॅन करायला सांगतात.

आता मोठी चूक. फॉर्मवर नुसतं "पोटदुखी" लिहिलेलं असतं! मग टेक्निशियन नेहमीचा सीटी काढतो, फोटो उजळवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शननंतर साधारण 70 सेकंदांनी, आणि तोपर्यंत गाठ आणि आजूबाजूचा भाग सारखाच दिसायला लागलेला असू शकतो. पॅन्क्रियाजसाठी 40-45 सेकंदांनी काढलेला एक वेगळा फेज, म्हणजे फोटोंचा वेगळा संच लागतो, तेव्हा चांगला भाग उजळतो आणि गाठ काळपट उठून दिसते. त्यामुळे फॅमिली हिस्टरी फॉर्मवर लिहून घ्याच, लाजू नका. आणि या सीटीआधी प्यायचं, फोटोत पांढरं दिसणारं औषध नको, साधं पाणी प्यायचं, नाहीतर जुन्या सुजेमुळे पॅन्क्रियाजमध्ये झालेले बारीक खडे झाकले जातात.

नुसत्या सोनोग्राफीवर थांबू नका, गॅसमुळे पॅन्क्रियाजच्या शेपटीकडचा भाग बरेचदा दिसतच नाही. एंडोस्कोपीतून केलेल्या सोनोग्राफीतही खड्यांची सावली आड येते. तरुण पेशंटचा दरवर्षी सीटी काढण्यापेक्षा एमआरआय बरा, रेडिएशन नाही (काही ठिकाणी त्याआधी अननसाचा ज्यूस देतात, त्यातल्या मँगनीजमुळे पोटातलं पाणी फोटोत काळं पडतं आणि पॅन्क्रियाजची रस वाहून नेणारी नळी स्वच्छ दिसते). अटॅक चालू असताना मात्र हा दरवर्षीचा स्कॅन नको, सुजलेला भाग गाठीसारखाच दिसतो. सीए 19-9 ही कॅन्सरसाठीची रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका, काही लोकांच्या शरीरात तो पदार्थ बनतच नाही.

आणि जुन्या सीडी टाकू नका हो, प्लीज. एक काका 6 वर्षांपूर्वीची सीडी घेऊन आले, तीत नळीतला खडा मधोमध होता. नव्या स्कॅनमध्ये तोच खडा बाजूला ढकलला गेलेला, आणि नळी तिथेच अचानक तुटल्यासारखी. नुसत्या सुजेत नळी बहुतेक वेळा अरुंद होत का होईना पण आरपार जाते, म्हणून कॅन्सरची शंका आली. त्याच आठवड्यात त्यांची बायोप्सी झाली.