लोअर आर्म बदलताना बुशचा बोल्ट कधी आवळायचा?

ठाण्याच्या खड्डेवाल्या घोडबंदर रोडवर रोज गाडी हाकणाऱ्याचे लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे, कधी ना कधी बदलायला येतातच. तेव्हा लोखंडीऐवजी हलके ॲल्युमिनियमचे घालायला माझी हरकत नाही. आर्मचं बाहेरचं टोक चाकाबरोबर वरखाली होतं. तिथलं वजन घटलं की शॉकअपला चाक आवरणं सोपं जातं. फरक कळतो, पण थोडाच. ‘गाडी मख्खन होते’ म्हणणाऱ्याला काहीतरी विकायचं असतं. आर्म तुमच्याच मॉडेलचे घ्या. स्वस्त ओतीव माल खड्ड्यात वाकत नाही, सरळ तुटतो.

चाकं काढण्याआधी, गाडी सपाट जमिनीवर उभी असताना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. मग स्टँड लावा, दोन्हीकडच्या लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणाऱ्या काड्या) सोडा, जुना आर्म काढा, नवा बसवा. सगळे बोल्ट तूर्तास हातानेच फिरवा.

आता खरी मेख. बुश म्हणजे आर्मच्या सांगाड्याकडच्या टोकाला असलेला रबरी जोड. त्याचा बोल्ट आवळला की बुशची आतली नळी जागीच जखडते. आर्म हलला की मधलं रबर पिळतं. चाक लोंबकळत असताना आवळलंत, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. माझे पहिले बुश असेच चार महिन्यांत फाटले आणि मी विक्रेत्याशी भांडून आलो. चूक माझीच होती. गॅरेजमध्येही घाईत हेच करतात, म्हणून समोर उभे राहा.

बॉल जॉइंटजवळ (आर्मच्या बाहेरच्या टोकाचा गोळीचा सांधा), मध्ये लाकडाचा ठोकळा घालून, जॅक लावा आणि लिहिलेलं अंतर येईपर्यंत आर्म उचला. गाडीचं वजन जॅकवर येईल. स्टँड काढायचा नाही आणि खाली शिरायचं नाही, हात बाजूने घालायचा. रॅम्प मिळत असेल तर तोच बरा. मगच टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच आवळता येणाऱ्या पान्याने, बुशचा बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. इम्पॅक्ट गन इथे मुळीच नको. आट्यांना ग्रीसही नको, टॉर्क खोटा येतो.

चाकं लावा. अलाइनमेंट त्याच दिवशी. शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा, तेही गाडी चाकांवर उभी असतानाच.