जुनं फर्निचर घेताना आधी मागची बाजू बघा

महिनाअखेरीचा शनिवार-रविवार आला की बाणेर, वाकड, हिंजवडी, खराडी, मगरपट्टा कुठेही बघा, सोसायटीच्या गेटवर टेम्पो उभाच असतो. कुणाचं ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलंय, कुणाची बंगलोरला बदली झालीये, कुणी बाहेरच्या देशात चाललंय, आणि या लोकांना दोन-चार दिवसांत घर रिकामं करून द्यायचं असतं. पुण्यात सेकंडहँड फर्निचर चांगलं मिळायचं हेच मोठं कारण आहे, विकणाऱ्याला पैशापेक्षा तारखेची घाई असते. म्हणून शोध महिन्याच्या २० तारखेनंतर सुरू करा आणि चॅटवर पहिला प्रश्न किमतीचा नको, "घर कधी सोडताय" हा विचारा. दोन दिवस राहिले असतील तर भाव आपोआप खाली येतो.

ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस तर आहेतच, पण माझा अनुभव असा की सगळ्यात चांगल्या वस्तू सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच संपतात, बाहेर येतच नाहीत. मोठ्या सोसायटीत कुणी मित्र, नातेवाईक राहत असेल तर त्याला सांगून ठेवा. वॉचमनकाकांनाही सांगा, कोण कधी जाणारे हे त्यांना आधी कळतं. एप्रिल-मे मध्ये पोरांच्या परीक्षा संपून रूम रिकाम्या होतात तेव्हा स्टडी टेबल, खुर्च्या, सिंगल बेड भरपूर येतात. दसरा-दिवाळीच्या आधी लोक नवीन सोफा आणायचा म्हणून जुना काढतात. आणि पितृपक्षात बरेच जण घरात मोठी खरेदी करत नाहीत, त्यामुळे आपल्याला असं काही वाटत नसेल तर त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक कमी आणि बोलायला जागा जास्त असते.

आता मुख्य गोष्ट. फर्निचर पुढून बघून घ्यायचंच नाही. पुढून सगळंच चकचकीत असतं, पॉलिश दोन दिवसांत मारता येतं. खरं काय ते मागून आणि खालून कळतं, कारण तिथे कुणी रंगरंगोटी करत नाही. मी कोथरूडला पहिल्यांदा भाड्याने राहायला आलो तेव्हा एक वॉर्डरोब घेतला होता, दिसायला अगदी शोरूममधला, मागे वाकून बघितलंच नाही. वर्षभराने घर बदलताना सुताराने तो खोलला आणि परत जोडायला गेला तर एकही स्क्रू पकड घेईना, भोकातून नुसता भुसा पडायला लागला. पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी होती. तेव्हापासून मी मोबाईलचा टॉर्च लावून आधी जमिनीवर बसतो, मग किमतीचं बोलतो.

मागच्या किंवा खालच्या बाजूला जिथे कड उघडी असेल तिथे बघा. दाबलेल्या भुशाच्या गोळ्यासारखं, जाडसर कण दिसले तर पार्टिकल बोर्ड, पुठ्ठ्यासारखं एकसारखं तपकिरी आणि गुळगुळीत असेल तर एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड), आणि एकावर एक पातळ थर दिसले तर प्लायवुड. पहिली दोन पाण्याने फुगतात आणि फुगलेलं परत बसत नाही, त्यामुळे पायाजवळच्या कडा बोटाने चाचपून बघा, फरशी पुसताना तिथेच पाणी लागतं. असं फर्निचर एकदा खोलून जोडलेलं चालतं, दोन-तीनदा झालं की संपलं. म्हणून "हे आधी किती घरं फिरलंय" हे विचारायला लाजू नका. प्लायवुड असेल तर निवांत घ्या, वरचा सनमायका थोडा उचकटला असेल तरी फेविकॉलने बसतो.

सागवान म्हणून जे विकतात ते सगळं सागवान नसतं. फळीवरच्या रेषा कडेवरून खाली उतरलेल्या दिसतात का ते बघा, वरच्या रेषा कडेपाशी एकदम तुटत असतील आणि कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर आत प्लाय आणि वर सागाचा पातळ थर आहे. ते वाईट नाही, पण मग भावही प्लायचाच द्यायचा. फिकट रंगाच्या छोट्या छोट्या तुकड्यांना जोड देऊन केलेली फळी असेल तर ते बहुतेक रबरवुड, म्हणजे रबराच्या झाडाचं लाकूड.

खरं जुनं सागवान आणि शिसवी लाकूड पेठांमधून येतं. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतले वाडे पाडून इमारती झाल्या, होतायत, आणि आजीच्या काळातला पलंग, फडताळ, झोपाळ्याची फळी नव्या फ्लॅटमध्ये मावत नाही म्हणून निघते. माझा या वस्तूंसाठी खरंच जीव तुटतो, कारण बऱ्याचदा त्या किलोच्या भावाने भंगारात जातात आणि तेवढी रुंद, एकसंध फळी आता नवीन घ्यायला गेलं तर परवडत नाही. असं काही दिसलं तर पॉलिश गेलंय, पाय हलतोय एवढ्यावर सोडू नका. कुसू घालून केलेला, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला सांधा ढिला झाला असेल तर चांगला सुतार तो खोलून, सरस लावून परत घट्ट करून देतो. वेताची खुर्ची फाटली असेल तर वेत परत विणून मिळतो. पितळी कड्या, जुन्या पद्धतीच्या बिजागऱ्या हव्या असतील तर मंगळवार पेठेजवळ रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो तिथे सकाळी लवकर जा.

पण कीड असेल तर मात्र भावनेत वाहून जायचं नाही. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखी बारीक भुकटी पडलेली असेल तर भुंगा आत अजून जिवंत आहे. मातीच्या नळ्या दिसल्या किंवा टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवी. आणि बेड घेताना ढेकूण, ढेकूण, ढेकूण. फळ्यांच्या फटी, स्क्रूची भोकं, हेडबोर्डची मागची बाजू, सगळीकडे टॉर्च मारा आणि शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग शोधा. ते उपाशीपोटी कित्येक महिने जगतात, त्यामुळे "बेड बरेच दिवस वापरात नाही" याला काही अर्थ नाही. जुनी गादी तर फुकट दिली तरी मी घेत नाही. कापडी सोफ्याच्या शिवणी उलटून बघा, फोम बसलेला असेल तर नवीन फोम आणि कापडाचा खर्च आधी विचारून या, कधी कधी तो सोफ्यापेक्षा जास्त होतो. सांगाडा भक्कम असेल तरच त्या भानगडीत पडा.

हायड्रॉलिक बेड असेल तर झाकण अर्ध्यावर सोडून बघा, खाली यायला लागलं तर ते उचलून धरणारे पंप गेलेत. लोखंडी कपाटाचा तळ गंजलाय का, मूठ फिरवल्यावर दाराच्या आतल्या दांड्या वर-खाली नीट बसतात का, चावी लागते का एवढं बघितलं की बास.

पैशाचं एकच. वस्तू डोळ्याने बघितल्याशिवाय टोकन म्हणून एक रुपयाही पाठवायचा नाही. "मी आर्मीत आहे, पोस्टिंग आलंय, गाडीतून पाठवून देतो, आधी थोडे पैसे टाका" हा ठरलेला फसवणुकीचा प्रकार आहे. आणि पुढे तुम्ही स्वतः कधी काही विकायला काढलं तर लक्षात ठेवा, पैसे मिळवायला यूपीआयचा पिन लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. भावाचं माझं गणित असं, पार्टिकल बोर्ड असेल तर नव्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही, चांगलं प्लाय असेल तर अर्ध्यापर्यंत, आणि त्यातून टेम्पो, हमाली, सुतार यांचा खर्च वजा करून मगच आकडा सांगायचा.

टेप घेऊन जा. आपला दरवाजा, लिफ्ट, जिन्याचं वळण आधीच मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. छोटा हत्तीचा हौदा साधारण ७ फूट लांब असतो, त्यात खोललेला डबल बेड आरामात जातो, पावसाळ्यात मात्र ताडपत्री आहे का हे टेम्पोवाल्याला विचारूनच बोलवा. दोन्ही सोसायट्यांमध्ये सामान हलवायची वेळ काय आहे, गेटपास लागतो का हे आदल्या दिवशी विचारा. खोलताना व्हिडिओ काढा, स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी हेडबोर्डलाच चिकटवून टाका.

घरी आल्यावर लगेच जागेवर लावू नका, दोन-तीन दिवस बाल्कनीत ठेवून फटींमध्ये किडीचं औषध मारा, ड्रॉवर अडत असतील तर पट्ट्यांवर मेणबत्ती घासा, आणि भिंतीला चिकटवून न ठेवता चार बोटं जागा सोडा म्हणजे ओल धरत नाही. पंधरा दिवसांनी सगळे स्क्रू एकदा परत आवळून घ्या.