डाय कोरण्याआधी: सिलिकॉन साच्यातून वीस नमुने

गोव्यातल्या वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतला छोटा उद्योजक नवी वस्तू थेट इंजेक्शन मोल्डिंगला (वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून भरणे) नेतो, आणि पहिल्याच लॉटमध्ये झाकण बसत नाही. पोलादी डायमधले मटेरियल खरवडून कमी करता येते. वाढवायचे म्हणजे वेल्डिंग आणि पुन्हा मशिनिंग. त्याआधी सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन (दोन द्रव मिसळून घट्ट होणारे प्लॅस्टिक) ओतून 15-20 नमुने काढावेत आणि गिऱ्हाईकाच्या हातात द्यावेत.

उदाहरणाला ट्रॉलरवरच्या स्विचची उघड्या तोंडाची डबी घेऊ: 80×50×20 मिमी, भिंत 2.5 मिमी. मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा घ्यायचा ती मूळ प्रत, थ्रीडी प्रिंटरवर 0.12 मिमी थराने काढा. पावसाळ्यात फिलामेंट (प्रिंटरची प्लॅस्टिकची तार) ओल धरते, नोझल चरचरते आणि पृष्ठभागावर फोड येतात. पीएलए प्लॅस्टिकचे फिलामेंट आधी 45-50 अंशांवर सहा तास सुकवा. मग प्रायमर मारून 400 आणि 800 चा वॉटर पेपर फिरवा. इथे कंटाळा करू नका: मास्टरवर राहिलेली रेघ विसाच्या वीस नमुन्यांवर उतरते.

चारही बाजूंनी 15 मिमी जागा सोडून 110×80×50 मिमीची चौकट बांधा. डबीत क्ले (मूर्तिकामाची मऊ माती) भरा, 15 मिमी क्लेच्या थरावर ती पालथी बसवा, कडेने खुणेचे खळगे दाबा आणि वरून सिलिकॉन ओता. घट्ट झाल्यावर चौकट उलटवा, क्ले काढा आणि सिलिकॉनवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. तो विसरलात तर दोन्ही अर्धे एकजीव होतात. मग दुसरा अर्धा ओता.

चौकट 440 घन सेंमी, प्लॅस्टिक 21. म्हणजे सिलिकॉन साधारण 420 घन सेंमी, वजनात 480 ग्रॅम. भांड्याला चिकटणारे धरून 530 घ्या. साच्याचे सिलिकॉन दोन जातींचे: टिन-क्युअर आणि प्लॅटिनम-क्युअर. टिन-क्युअर सिलिकॉनला हार्डनर (घट्ट करणारा घटक) डब्यावरच्या प्रमाणात, वजनकाट्यावर मोजूनच. दमट हवेत ते लवकर घट्ट होते, म्हणून जूनमध्ये घाई ठेवा. बारीक धार एकाच कोपऱ्यात सोडली की बुडबुडे कमी राहतात. प्लॅटिनम-क्युअर वापरणार असाल तर गंधक असलेली क्ले नको. स्पर्शाच्या जागी सिलिकॉन चिकटच राहते. द्रव रेझिनच्या प्रिंटरवर काढलेला मास्टरही तोच त्रास देतो.

साचा उघडल्यावर एक दिवस मोकळा ठेवा. ओतण्याची वाट आणि हवा जायची भोके कापा. भोके सर्वांत उंच कोपऱ्यांत हवीत, नाहीतर तिथे पोकळी राहते.

आता पॉलियुरेथेन, आणि गोव्याच्या दमट हवेत नमुने वाया जाण्याची भीती इथेच. त्याचा आयसोसायनेट घटक हवेतल्या पाण्याशी मिळून कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि डबी आतून स्पंजसारखी फुगते. साचा 50 अंशांवर तासभर गरम करा, ढवळायची काडी आणि पेला कोरडे घ्या, डबा लगेच बंद करून सिलिका जेलसह ठेवा. एका डबीला सुमारे 22 ग्रॅम पॉलियुरेथेन लागते. वाटेतले धरून 30 मिसळा. मिश्रण तीन-चार मिनिटांतच घट्ट होऊ लागते, म्हणून एका वेळी एकच साचा. नायट्राइल हातमोजे, ऑरगॅनिक व्हेपर मास्क आणि उघडी खिडकी हवीच.

नमुन्यावर झाकणाची फट, स्क्रू आवळणे आणि हातातली पकड तपासा. उन्हात किती तग धरेल, क्लिप किती वेळा वाकेल, हे मात्र याने कळत नाही: पॉलियुरेथेन म्हणजे एबीएस (डायमध्ये भरायचे खरे प्लॅस्टिक) नव्हे. डायचे माप काढताना एबीएसचे आकुंचन 0.4 ते 0.7 टक्के वेगळे धरावे लागते.