हिमगौरीची वंशावळ कशी काढावी

हिमगौरीवर लिहायला किंवा शिकवायला बसलं की बहुतेक जण दोनच गोष्टी समोर ठेवतात: ग्रिम बंधूंची ‘मूळ’ कथा आणि डिस्नेचा चित्रपट. मग फरकांची यादी होते आणि प्रत्येक फरक डिस्नेच्या नावावर जमा होतो. या पद्धतीत निष्कर्ष हमखास चुकतो, कारण १८१० ते १८५७ या काळात खुद्द ग्रिमच आपली कथा बदलत होते.

म्हणून कागदावर सहा उभे रकाने आखा: १८१०चं हस्तलिखित, १८१२ची पहिली आवृत्ती, १८५७ची सातवी आणि शेवटची आवृत्ती, १९१२चं अमेरिकी नाटक व त्यावरचा १९१६चा मूकपट, १९३३चा फ्लायशर स्टुडिओचा लघुपट, आणि १९३७चा डिस्नेपट. आडव्या ओळी आठ पुरतात: राणी सख्खी की सावत्र, मुलीचं वय, तिला जंगलात कोण नेतं, मारल्याचा पुरावा काय, जिवावर किती वेळा घाला, बुटक्यांना नावं आहेत का, ती जागी कशी होते, राणीचा शेवट. आठवणीवर एकही घर भरू नका. मजकूर समोर ठेवून वाक्य उतरवा, शेजारी आवृत्तीचं वर्ष लिहा.

हातातला ग्रिमचा मजकूर कुठल्या थरातला आहे ते आधी ठरवा. राणी सख्खी आई असेल तर तो १८१९च्या आधीचा. सावत्र आई १८१९च्या दुसऱ्या आवृत्तीपासून येते. मुलांसाठीच्या पुस्तकांत बहुधा आवृत्तीचं वर्ष नसतं आणि कथा वाटेत कापलेली असते, त्यामुळे ती या कामाला घेऊ नका. संग्रहात कथेचा क्रमांक ५३ आहे. संपूर्ण भाषांतर शोधताना तोच धरून चला.

सगळ्यात जास्त वेळ ‘जागी कशी होते’ या ओळीला द्या, कारण इथे कथा किती मोकळी होती ते दिसतं. १८१०च्या हस्तलिखितात राजकुमार नाहीच: प्रवासावरून परतलेल्या बापाला शवपेटी सापडते आणि त्याच्यासोबतचे वैद्य खोलीच्या चार कोपऱ्यांना दोर बांधून तिला जिवंत करतात. १८१२मध्ये राजकुमार पेटी सतत बरोबर वागवतो, ती वाहून वैतागलेला नोकर मुलीच्या पाठीत धपका घालतो आणि घशातला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. १८५७मध्ये वाहणारे ठेचकाळतात आणि धक्क्याने तेच घडतं. या तिन्हींत चुंबन कुठेच नाही. ग्रिमच्या संग्रहात चुंबनाने जागी होते ती ५० क्रमांकाच्या कथेतली झोपलेली राजकन्या. १९३७च्या चित्रपटात ते हिमगौरीच्या वाट्याला आलं.

बाकीच्या ओळी भराभर भरतात. १८१२मध्ये मुलगी सात वर्षांची आहे, हे वय चित्रपट पाहून आलेल्याला धक्का देतं. ग्रिमकडे घाले तीन: कंबरपट्ट्याची नाडी, विषारी कंगवा, सफरचंद, चित्रपटात फक्त सफरचंद. शिकारी ग्रिमकडे रानडुकराची फुप्फुसं आणि यकृत आणतो, चित्रपटात डुकराचं हृदय. ग्रिमची राणी तापलेल्या लोखंडी जोड्यांत नाचत मरते, चित्रपटातली कड्यावरून कोसळते. बुटक्यांना नावं डिस्नेने पहिल्यांदा दिली असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे. १९१२च्या नाटकात त्यांना नावं होती, फक्त वेगळी. वॉल्ट डिस्नेने त्या नाटकावरचा मूकपट मुलगा असताना कॅन्सस सिटीत पाहिला होता. हा मधला रकाना गाळला की डिस्नेला नको ते श्रेय मिळतं, किंवा नको तो दोष.

ग्रिमच्या मागे जायचं असेल तर लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतला प्रकार ७०९ पाहा. १६३४–३६मध्ये छापलेल्या, बासिले या लेखकाच्या नेपल्सच्या कथासंग्रहात लीसा नावाची मुलगी आहे: केसांत कंगवा राहून निपचित पडलेली, एकात एक सात स्फटिकाच्या पेट्यांत ठेवलेली. म्युझेउसच्या १७८२च्या जर्मन कथेत आरसा आणि विष दोन्ही आहेत. इथे सावध राहा. साम्य दिसलं म्हणून लगेच ‘उगम’ लिहू नका. ‘आधीचं रूप’ एवढंच म्हणा.

ॲनिमेशनच्या रकान्यांत कथानकाइतकंच शरीर वाचायचं. चित्रपटाची ८३ मिनिटांची पूर्ण प्रत घ्या, विहिरीजवळच्या प्रसंगात हिमगौरी पूर्ण उभी दिसेल तिथे चित्र थांबवा आणि डोक्याच्या उंचीने तिची उंची मोजा. प्रौढ माणूस साधारण सात ते साडेसात डोकी भरतो. हिची संख्या कमी येईल, आणि तिचं मुलीपण कशातून येतं ते कळेल. केस किंवा घागरा मापात धरला तर आकडा फसतो, म्हणून कवटीचा माथा आणि हनुवटी पेन्सिलीने ठरवून घ्या. मग नाचाचा प्रसंग आवाज बंद करून पाहा. मार्जोरी बेल्चर या नर्तिकेचं चित्रण समोर ठेवून हिमगौरीच्या हालचाली बेतल्या होत्या, म्हणून वळताना घागऱ्याला वजन येतं. नायिकेवर काम करणाऱ्या ॲनिमेटरांत ग्रिम नॅटविक होता (ग्रिम बंधूंपैकी नव्हे) आणि बेट्टी बूप या कार्टून-नायिकेचं रूपही त्यानेच घडवलं होतं. १९३३च्या लघुपटात हिमगौरी बेट्टीच आहे. तेव्हा दोघींची थांबवलेली चित्रं शेजारी ठेवून डोळे, डोक्याचा आकार आणि मनगटं ताडून पाहा.