सर्व्होला पुशरॉड जोडताना या चुका टाळा

भाताची कापणी झाली की येळ्ळूरकडची शेतं मोकळी होतात आणि आमचा रिमोटवरची छोटी विमानं उडवायचा हंगाम सुरू होतो. दर रविवारी कोणीतरी नवीन पोरगा नवीन विमान घेऊन येतो, आणि मी त्याच त्याच चुका दाखवत बसतो.

सगळ्यात जास्त विमानं मोडतात ती बारीक पुशरॉडमुळे, म्हणजे सर्व्होची (रिमोटवर फिरणाऱ्या छोट्या मोटरची) हालचाल पंख-शेपटीच्या हलत्या भागांपर्यंत नेणाऱ्या तारेमुळे. मागच्या हिवाळ्यात खानापूरकडचा एक मुलगा आला होता. फोमचं विमान, सर्व्हो पंखाखाली, तिथून शेपटीवरच्या एलिव्हेटरपर्यंत (नाक वर-खाली करणारी हलती फळी) 1 मिलिमीटरची तार, मध्ये कुठेही आधार नाही. मी आधार दे म्हटलं तर म्हणाला, "काका, एलिव्हेटर मस्त हलतोय बघा की!" हलत होताच. वर जाऊन त्यानं डाइव्ह मारला, रिमोटची स्टिक पूर्ण ओढली, आणि विमान सरळ बांधात घुसलं. नाक चेपलं, मोटरचा शाफ्ट वाकला. रेडिओ गेला, असं तो म्हणत होता. मी एलिव्हेटर बोटानं दाबून धरला आणि त्याला स्टिक ओढायला लावली. सर्व्होचा आर्म (वरची फिरणारी दांडी) पूर्ण फिरला, तार धनुष्यासारखी वाकली, एलिव्हेटर जागचा हलला नाही.

त्याचा हॉर्न, म्हणजे तार अडकवायचा खुंट, एलिव्हेटरच्या खालच्या बाजूला होता. अशा जोडणीत एलिव्हेटर वर करताना तार ओढली जात नाही, ढकलली जाते. ओढायला बारीक तार पुरते, ढकलताना ती वाकते. टेबलावर वारा नसतो, म्हणून तिथं सगळं बरोबर दिसतं. मी कान साफ करायच्या इअरबडच्या नळीचे तुकडे दर 10 सेंटीमीटरवर चिकटवतो आणि तार त्यातून नेतो. लांबी जास्त असेल तर 2 मिलिमीटरची कार्बन काडी, टोकांना तार, वर दोरा गुंडाळून फेव्हिक्विक. बोटानं दाबून बघितल्याशिवाय मी कुणाचंही विमान हातातून सोडत नाही.

दुसरी चूक निव्वळ घाईची. सर्व्होला करंट न देताच आर्म बसवतात आणि वाकडा आला की रिमोटवरच्या ट्रिमच्या बटणानं सरळ करतात. मग एका बाजूला हालचाल कमी पडते. आधी ट्रान्समीटर (रिमोट) लावा, ट्रिम शून्यावर आणा, मगच आर्म पुशरॉडशी काटकोनात बसवा. फुटाबा कंपनीच्या स्टँडर्ड सर्व्होच्या शाफ्टला 25 दाते असतात, म्हणजे एक दाता सरकला की 14.4 अंशांचा फरक. मी चार फाट्यांचा आर्म घेतो आणि एकेक फाटा लावून बघतो. 25 ला 4 नं भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक फाटा थोडा वेगळ्या कोनात येतो आणि एखादा जवळजवळ काटकोनात बसतोच. बाकीचे तीन कापून टाकतो. यात पाच मिनिटं जातात. तेवढाही धीर नसेल त्यानं अजून थोडे दिवस सिम्युलेटरवरच उडवावं.

हायटेक कंपनीच्या स्टँडर्ड सर्व्होला 24 दाते असतात. एकाचा आर्म दुसऱ्यावर ठोकून बसवू नका, दाते जातात.

आर्मचा मधला स्क्रू विसरू नका.

झेड-बेंडसाठी (तारेचं टोक Z सारखं वाकवून अडकवायला) भोक तारेच्याच मापाचं पाडा. मोठं झालं की प्ले (ढिलेपणा) येतो आणि वेगात एलिव्हेटर फडफडायला लागतो. हॉर्न बदला, भोकात गोंद भरू नका.

नवशिक्यांनी सर्व्होकडे आतलं भोक आणि हॉर्नवर बाहेरचं वापरावं, हालचाल कमी आणि ताकद जास्त मिळते.

आयलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीची) दिशा विमानाच्या मागे उभं राहून बघा: स्टिक उजवीकडे, तर उजवा आयलेरॉन वर. टेबलावर हे करताना प्रोपेलर काढलेला असू दे. मैदानावर मी प्रत्येक बॅटरी बदलल्यावर पुन्हा बघतो.