अक्काची दोनशे पानी वही: घरात कॅन्सरचा रुग्ण असेल तर

“औषधांशिवाय आणखी काही घेताय का? काढा, चूर्ण, पुड्या?” डॉक्टरांनी विचारलं आणि आम्ही तिघंही गप्प बसलो.

अक्का माझी थोरली बहीण. छातीत गाठ निघालेली, त्या दिवशी बार्शीला केमोचा, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या औषधाचा, तिसरा डोस मिळायचा होता. रक्ताच्या रिपोर्टात लिव्हरचे आकडे चढलेले होते. भाच्याच्या पिशवीत एका ओळखीच्या माणसानं दिलेल्या करड्या पुड्या होत्या, रोज दोन. शेवटी त्यानंच त्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “यानंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण यात काय आहे ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. आजपासून बंद.” डोस दोन आठवडे पुढे गेला.

परत येताना वैरागच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा अक्का बोलली. तिला आम्ही तोवर “गाठीतलं पाणी आहे, सुकवायची औषधं आहेत” एवढंच सांगितलं होतं. ती म्हणाली, “मला येडी समजता का गं? दवाखान्याच्या दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय. चौथी शिकलेय मी.”

मी सोलापुरात पालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आणि माझ्याच बहिणीला तिच्या आजाराचं एक अक्षर शिकवलं नव्हतं. त्या रात्री दोनशे पानी वही काढली. अक्का आता बरी आहे. पूर्व भागातल्या, जुळे सोलापुरातल्या काही घरांत मी अजून जाते, तेव्हा आधी वहीच देते. रुग्णापासून काही लपवायचं नाही आणि डॉक्टरपासून काही लपवायचं नाही, हे त्या वहीचं काम.

आधी रुग्णाला सांगा

घरचे म्हणतात, ऐकलं की खचेल. मी पाहिलेलं उलटं आहे. न सांगितलेला माणूस रात्री एकटा छताकडे बघत असतो, कारण घरात सगळे कुजबुजतात आणि तो आला की विषय बदलतात.

सांगायची वेळ निवडा. दवाखान्याच्या व्हरांड्यात नको, पाहुण्यांसमोर नको. सकाळचा चहा झाल्यावर, घरात एखाददुसरंच माणूस असताना बसा आणि आधी विचारा, “तुला काय वाटतंय, काय झालंय?” निम्म्या वेळा उत्तर त्यांच्याकडेच असतं. मग ‘कॅन्सर’ हा शब्द एकदा स्पष्ट उच्चारा आणि थांबा. रडू द्या. लगेच “काही होत नाही, सगळं ठीक होईल” म्हणू नका. पुढचं पाऊल सांगा: सोमवारी तुकडा तपासायला द्यायचाय, गुरुवारी रिपोर्ट. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती जवळपास प्रत्येक घरात निघते. तिच्यापायी तपासणी टाळू नका. तुकडा तपासल्याशिवाय कोणता कॅन्सर आणि कोणतं औषध, हे बहुतेक वेळा ठरतच नाही.

घरातल्या लेकरांनाही सांगा, त्यांच्या भाषेत. कॅन्सर शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं लागत नाही. आजीच्या कुशीत झोपू द्या, लेकराला सर्दी-ताप असेल तेवढे दिवस सोडून.

समजावून सांगण्यानं काय होतं याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधारानं १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदणी चालते, देशातली अशी पहिली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणं समजावून सांगायचे. त्यानंतर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या.

वहीत काय लिहायचं

डॉक्टरांसमोर बसलं की डोकं रिकामं होतं. म्हणून प्रश्न आदल्या रात्री लिहा. आमचे हे होते: कॅन्सर कुठला, किती पसरलाय? उपचार बरं करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? किती डोस, किती दिवसांनी? शेक, म्हणजे रेडिएशन, लागणार का? काय झालं तर रात्री-अपरात्रीही निघून यायचं, आणि कुठल्या दारानं? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. उत्तरं तिथंच लिहा, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं.

दर डोसानंतर रोज एक ओळ पुरते: ताप किती, उलट्या किती, काय खाल्लं, संडास झाली का, दुखणं दहापैकी किती. अक्का स्वतः लिहायची. “आज भाकरी अर्धी. कंटाळा आला,” अशी. डॉक्टर ती ओळ वाचून औषध बदलायचे.

वहीच्या मागच्या बाजूला एक पान राखून ठेवा: पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट. बीपीची गोळी, शेजारणीनं दिलेला काढा, मठातून आलेलं भस्म, टॉनिक, सगळं. हे पान डॉक्टरांसमोर उघडायचंच.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण मंजुरी उपचार सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते. म्हणून पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राचं, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाचं, टेबल शोधा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते घरूनच बघून निघा. अक्काच्या एका कार्डावर माहेरचं नाव होतं, त्यात आठ दिवस गेले. मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जावं लागलं तर दवाखान्यातून रेल्वे सवलतीचा दाखला घ्या. रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी पोचवते. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरच्या रुग्णांचीच कुटुंबं जास्त असतात. तिथल्या ओट्यावर बसून मी जेवढं शिकले तेवढं कुठंच नाही.

ताप आणि पाणी

हे नीट वाचा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या काळात थर्मामीटरवर १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त दिसलं, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. त्याच वेळी दवाखाना. गोळीनं ताप उतरतो, जंतू आतच राहतात. अशोक चौकाजवळच्या एका विडी कामगार काकींच्या घरी मी रात्री अकराला रिक्षा बोलावली तेव्हा सून म्हणत होती, “थंडी वाजलीये फक्त.” काकी चार दिवस अ‍ॅडमिट होत्या.

आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. पिंपात साठवलेलं पाणी रुग्णाला तसंच देऊ नका. खळखळून उकळा, झाकून निववा, वेगळ्या कळशीत ठेवा आणि घ्यायला लांब दांड्याचं ओगराळं वापरा, हात बुडता कामा नये. कच्च्या दुधाचं पंचामृत आणि गाड्यावरची चिरलेली फळं या दिवसांत बंद. डाळिंब, केळं, मोसंबी चालतं, धुवून घरी सोलून.

गर्दीही टाळायची. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघाली तेव्हा अक्का हट्टाला पेटली, एकाही वर्षी तिचं दर्शन चुकलं नव्हतं. आम्ही मिरवणुकीच्या वाटेवरच्या एका मैत्रिणीची गच्ची मागितली, खुर्ची टाकली, तिथून तिनं हात जोडले.

खायचं काय

साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो, असं कुणीतरी सांगतं आणि घरचे दूध, भात, फळं सगळं तोडतात. माणूस वाळतो आणि डोस पेलत नाही. वजन टिकवणं हे पहिलं काम. तोंड आलेलं असताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी जात नाही, म्हणून ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून दुधात द्या. शेंगदाण्याचा बारीक कूट पातळ आमटीत मिसळा, तिखट न घालता. अंडं चालत असेल तर पूर्ण शिजवून. भाकरी वरणात कुस्करली की अक्का अर्धी खायची. दिवसातून सहा वेळा, वाटीभर. ताट भरून समोर ठेवलं की बघूनच मळमळतं.

चूळ भरायला पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ, दिवसातून चार-पाच वेळा. सोमवारच्या उपवासाचं डॉक्टरांना विचारलं. ते नको म्हणाले, तर अक्कानं उपवासाऐवजी संध्याकाळचा दिवा धरला.

मिश्री आणि मावा मात्र त्याच दिवशी बंद. “आता झालंच आहे, सोडून काय उपयोग?” असं लोक म्हणतात. उपयोग आहे. तंबाखू सुटली की जखमा लवकर भरतात आणि उपचार नीट लागू पडतात. काकींच्या घरात विड्या वळायचं सूप त्यांच्या खाटेशेजारीच असायचं, ते आम्ही दुसऱ्या खोलीत हलवलं. घरातल्या बाकीच्यांनी आरशात तोंड बघावं: पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल तर लगेच दाखवा.

जोडीचे उपचार

योग, प्राणायाम, मालिश, भजन, आयुर्वेद या सगळ्याला जागा आहे, आणि ती केमो-ऑपरेशन-शेक यांच्या शेजारी आहे. त्यांच्या ऐवजी नाही. जो कुणी “केमो बंद करा, मी बरं करतो” म्हणेल त्याच्याकडून उठून या. त्या पुड्यांनंतर आम्ही एका शिकलेल्या वैद्यांकडे गेलो. ते म्हणाले, “केमो चालू आहे तोवर मी पोटात काही देणार नाही. झोप आणि जेवणाचं बघू.” हा माणूस मला विश्वासाचा वाटला. स्वयंपाकातली हळद चालते. हळदीच्या जोरदार कॅप्सूल ही वेगळी गोष्ट, त्या काही औषधांच्या आड येऊ शकतात. गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. भस्मात जड धातू असू शकतात. गव्हांकुराचा कच्चा रस पांढऱ्या पेशी कमी असताना धोक्याचा. म्हणून मागचं पान.

जे आम्हाला कामी आलं ते साधं होतं. थकव्यावर पडून राहणं हा उपाय वाटतो, पण रोज थोडं चालण्यानं थकवा कमी होतो. अक्का पहिल्या आठवड्यात दारापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेली. उन्हाळ्यात पहाटे सहालाच, कारण मे महिन्यात आपल्याकडे आठनंतर बाहेर पडवत नाही. खुर्चीत बसून खांदे फिरवणं आणि सावकाश अनुलोम-विलोम दहा मिनिटं. पोटाच्या ऑपरेशननंतर कपालभाती करू नका, आणि कॅन्सर हाडात गेला असेल तर वाकण्या-पिळण्याची आसनं विचारल्याशिवाय नकोत. मळमळीला डॉक्टरांची गोळी आधी, वेळेवर. त्यासोबत आल्याचा पातळ चहा, आणि मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन ताठ दोऱ्यांसारखे स्नायूबंध लागतात त्यांच्या मधोमध अंगठ्यानं दोन-तीन मिनिटं दाब. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असतील तर आल्याचंही विचारून घ्या.

शेक चालू असताना त्या जागेवर पावडर, हळद-चंदनाचा लेप, काही लावू नका आणि आखलेल्या खुणा पुसू नका. आपले नवे टॉवेल त्या कातडीला खरखरीत लागतात. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा टिपायला बरा.

केस आणि बांगड्या

याबद्दल दवाखान्यात कुणी बोलत नाही. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात सुजू शकतो, म्हणून घट्ट बांगड्या काढून ठेवायला सांगतात. केस केमोनं जातात. आमच्या वयाच्या बाईला मोकळा हात आणि बोडकं डोकं म्हणजे काय वाटतं ते पुरुषांना सांगून कळणार नाही. भावजी, म्हणजे अक्काचे यजमान, जिवंत असूनही हात मोकळा, म्हणून अक्का त्या हाताकडे बघून रडली. आम्ही दुसऱ्या हातात हिरवा चुडा दुप्पट भरला. केस गळायला लागायच्या आधीच तिनं ते बारीक कापून घेतले, स्वतःच्या मर्जीनं, म्हणजे उशीवर पुंजके बघावे लागले नाहीत. भावजींनी मऊ सुती रुमाल आणले, चार रंगांचे. हाताच्या व्यायामाला तिनं भिंतीवर बोटांनी चढत खडूनं रोजची खूण केली. ती भिंत अजून रंगवलेली नाही.

काही घरांत कॅन्सर बरा होणारा नसतो. तिथंही शिकण्यासारखं पुष्कळ असतं, आणि पहिलं म्हणजे दुखणं सोसायचं नसतं. तोंडानं घ्यायचं मॉर्फिन हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्यायचं औषध आहे. त्यानं रुग्ण व्यसनी होतो या भीतीपायी काकींच्या मुलानं बाटली पंधरा दिवस कपाटात ठेवली होती. सुरू केल्यावर काकी तिसऱ्या दिवशी उठून बसल्या आणि नातवाला हाताशी घेऊन तेलुगूत काहीतरी गुणगुणत होत्या. मॉर्फिनसोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

वही आज संध्याकाळीच आणा. पहिल्या पानावर रुग्णाचं नाव, वय, रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, निदानाची तारीख, दवाखान्याचा केस नंबर, आणि रात्री फोन करायचा नंबर ठळक. त्याखाली १००.४ हा आकडा लाल पेननं. आणि ते पान रुग्णालाच लिहू द्या. हात थरथरत असेल तर तुम्ही धरा.