हाफ क्लचची सवय सोडा, क्लच प्लेट टिकेल

एकाच मॉडेलच्या दोन गाड्या घ्या, एकीची क्लच प्लेट ३०-४० हजार किलोमीटरला संपते आणि दुसरीची १ लाख ओलांडून पण मस्त चालू असते, आणि बऱ्याचदा फरक फक्त चालवणाऱ्याच्या डाव्या पायाचा असतो. माझ्या पहिल्या गाडीची प्लेट अशीच लवकर गेली. मेकॅनिकने गिअरबॉक्स खाली उतरवून जुनी प्लेट हातात दिली, लायनिंग (प्लेटवरचा घासणारा थर) घासून पार तो धरणाऱ्या रिव्हेटपर्यंत आलेलं, आणि एकच प्रश्न विचारला, पाय क्लचवर ठेवून चालवता का? ठेवत होतो. कुणी सांगितलंच नव्हतं की त्याने काय होतं, म्हणून इथे सगळं नीट लिहितोय.

आधी आत काय चालतं ते बघा, मग सवयी पाठ करायची गरजच राहत नाही. इंजिनच्या मागे फ्लायव्हील म्हणजे इंजिनबरोबर फिरणारी जड चकती असते, त्यावर प्रेशर प्लेट बसवलेली असते, आणि दोघांच्या मधे क्लच प्लेट चेपलेली असते. पेडल सोडलेलं असलं की स्प्रिंग ती प्लेट घट्ट आवळून धरते आणि सगळं एकत्र फिरतं, म्हणजे घासणं नाही. पेडल पूर्ण दाबलं की प्लेट मोकळी होते, तेव्हा पण घासणं जवळपास नाहीच. झीज होते ती मधल्या अवस्थेत, जेव्हा इंजिन एका स्पीडने फिरतंय, गिअरबॉक्स दुसऱ्याच स्पीडने आणि प्लेट दोघांच्या मधे घसरतीये. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. गाडी उचलताना थोडा हाफ क्लच लागतोच, त्याला इलाज नाही, पण तो किती वेळ आणि किती रेसवर ठेवतो हे आपल्या पायात आहे. आणि रिव्हेट लागेपर्यंत घासायला लायनिंग असतं तरी किती, एका बाजूला जेमतेम एक-दीड मिलिमीटर.

रेसचं गणित तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं. सपाट रस्त्यावर थांबलेली गाडी उचलताना क्लचमधे जी उष्णता तयार होते ती आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर्गाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे १५०० ऐवजी ३००० वर रेस धरून क्लच सोडत नेला तर उष्णता दुप्पट नाही होत, साधारण चौपट होते. दुसऱ्या गिअरमधे गाडी उचलणाऱ्यांचं पण तेच, पहिल्या गिअरपेक्षा जवळपास दुप्पट स्पीडला गाडी पोचते तेव्हा कुठे प्लेटचं घसरणं थांबतं, आणि तोपर्यंत तीनपट तरी उष्णता प्लेटने खाल्लेली असते. त्यामुळे पूर्ण थांबलेली गाडी पहिल्यातच उचलायची, सपाटीवर आयडलच्या (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं त्या स्पीडच्या) थोडीशीच वर रेस द्यायची, क्लच जिथे पकडतो तिथे पाय क्षणभर थांबवायचा आणि गाडी हलली की पाय पूर्ण काढून घ्यायचा. रिकाम्या जागेत अ‍ॅक्सिलरेटरला हातही न लावता, म्हणजे पायही न लावता, फक्त क्लच हळूहळू सोडून गाडी हलवायची १०-१५ वेळा प्रॅक्टिस करा, तो पकडायचा पॉइंट पायाला कायमचा कळतो.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी धरून ठेवणं. गाडी जागेवर उभी, रेस चालू, आणि इंजिन जी ताकद देतंय ती सगळीच्या सगळी प्लेटमधे उष्णता होऊन जातीये. अर्ध्या मिनिटात जळका वास येतो आणि तो वास म्हणजे लायनिंगच जळतंय. थांबायचं असेल तर ब्रेक किंवा हँडब्रेक. निघताना हँडब्रेक ओढलेला ठेवून पहिला गिअर टाका, थोडी रेस द्या, क्लच सोडत आणा, इंजिनचा आवाज जड झाला किंवा गाडीचं नाक किंचित हललं की हँडब्रेक सोडा. मागे गाडी चिकटून उभी असली की घाबरून रेस जास्त दिली जाते हे मला पूर्ण मान्य आहे, पण हँडब्रेक नीट ओढलेला असेल तर गाडी मागे जात नाही, त्यामुळे घाई करायचं कारणच राहत नाही. चढावर रिव्हर्स घेताना तर जास्तच जपा, तिथे लोक इंच इंच सरकायला सतत हाफ क्लचवर राहतात. एकदा मागे काय आहे ते नीट बघून घ्या आणि शक्य तितक्या कमी टप्प्यांत गाडी घ्या.

ट्रॅफिकमधे पुढची गाडी दोन फूट सरकली की आपणही दोन फूट सरकायचं, हे प्लेटसाठी फार महाग पडतं कारण प्रत्येक वेळी नव्याने घासणं आलं. थोडी जागा होऊ द्या, मग पहिल्यात टाकून क्लच पूर्ण सोडा, सपाटीवर बहुतेक गाड्या आयडलवरच चालण्याच्या स्पीडने किंवा थोडं जास्त आरामात जातात.

सिग्नलला क्लच दाबून बसू नका, न्यूट्रल करा. इथे प्लेट फारशी घासत नाही पण रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबलं की प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या बेअरिंगवर, सगळा वेळ दाब राहतो आणि ते आवाज करायला लागतं. चालत्या गाडीत पेडलवर पाय टेकवून ठेवला की बेअरिंग तर झिजतंच, वर प्लेटवरचा दाबही थोडा कमी होतो, मग ओव्हरटेक करताना किंवा चढावर ती नकळत घसरते. गिअर टाकून झाला की पाय बाजूच्या फूटरेस्टवर, बस.

उतारावर क्लच दाबून गाडी सोडायची सवय पण काढा. इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअरमधे असताना इंजिनच गाडीला रोखून धरतं ते, जातं, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि पेट्रोल-डिझेल वाचतं हा तर गैरसमज आहे, कारण आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमधे असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनच बंद करतात. गिअर खाली आणताना मात्र क्लच सोडायच्या आधी हलकीशी रेस द्या, म्हणजे इंजिन त्या स्पीडला आलेलं असतं आणि झटका बसत नाही.

प्लेट संपत आलीये का ते बघायला मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या स्पीडला चौथ्या किंवा पाचव्या गिअरमधे अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि गाडी मात्र त्या मानाने पळाली नाही तर क्लच स्लिप मारतोय. केबलवाल्या गाडीत कधी कधी नुसती केबल जास्त ताणलेली असते, म्हणून गिअरबॉक्स उतरवायच्या आधी पेडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर यायच्या आधी पेडल जेवढं सैल हलतं ते) तपासायला सांगा. इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल गळून प्लेटवर आलं तरी ती घसरते, तिथे तुमच्या पायाचा काही दोष नसतो, आणि सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही तशीच जाणार.

काम काढलंच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदला, कारण खरी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्याची असते आणि चार महिन्यांनी फक्त बेअरिंगसाठी तो परत उतरवणं कुणालाच परवडत नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा तडे आहेत का तेही त्याच वेळी स्वतः बघून घ्या, आणि नवी प्लेट बसल्यावर पहिले ५०० किलोमीटर तरी जोरात उचलणं, भरपूर लोड, दुसरी गाडी ओढणं असलं काही करू नका, तेवढ्यात लायनिंग फ्लायव्हीलवर नीट बसतं.